सर्व्हरची कॉन्फिगरेशन लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तपासणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गोव्यात लहान-मध्यम कामांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींचे आहेत. कुणाकडे कळंगुटच्या हॉटेलचं बुकिंग, कुणाकडे देवस्थानाच्या अभिषेकांच्या पावत्या, कुणाकडे शाळेची फी. सर्व्हर दोन-चारच असतात, तेही मुंबई-बंगळुरूच्या डेटा सेंटरमध्ये, आणि त्यांच्याकडे बघणारा माणूस एकटाच असतो. उदाहरणं अ‍ॅन्सिबल (सर्व्हरची मांडणी करून देणारं साधन) आणि व्हेग्रंटची (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला नकली संगणक, थोडक्यात व्हीएम, उभं करणारं साधन) घेतली आहेत, पण पपेट किंवा शेफ ही मांडणीची इतर साधनं वापरणाऱ्यांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतील. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

मी एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून शिरण्याची सुरक्षित वाट) आत शिरून सगळं हाताने करतो. इतकी वर्षं चाललंय. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट कशाला?

तो सर्व्हर जिवंत आहे आणि तुम्ही काय काय केलंत ते तुम्हाला आठवतंय, तोवर चालेल. डिस्क गेली, किंवा मालकाने स्वस्तातला दुसरा सर्व्हर घेतला, की खरा हिशेब लागतो. एनजिनएक्सच्या (वेब सर्व्हरच्या) फाइलमध्ये कधी काळी केलेला बदल, कुठल्याशा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकलेली ओळ, हाताने वाढवलेली अपलोडची मर्यादा, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

सर्व्हर कसा असावा हे फाइलींत लिहायचं आणि एखाद्या साधनाकडून तो तसा करून घ्यायचा, इतकीच ही कल्पना आहे. ती जुनी आहे. सीएफइंजिन १९९३ मध्ये आलं, पपेट २००५ मध्ये, शेफ २००९ मध्ये, सॉल्ट २०११ मध्ये आणि अ‍ॅन्सिबल २०१२ मध्ये. अ‍ॅन्सिबलला सर्व्हरवर वेगळा एजंट (मदतनीस प्रोग्रॅम) बसवावा लागत नाही, एसएसएच आणि पायथन असलं की बहुतेक काम भागतं. एकट्या माणसाला म्हणूनच ते सोयीचं पडतं.

अ‍ॅन्सिबलला चेक मोड (प्रत्यक्ष बदल न करता काय बदलेल ते सांगणारा) आहे. खऱ्या सर्व्हरवर तोच चालवून बघितला तर?

जरूर बघा, सोबत डिफ पर्यायही लावा. कुठल्या फाइलीत कुठली ओळ बदलणार ते दिसतं. पण त्यावर विसंबू नका. चेक मोडमध्ये शेल आणि कमांड मॉड्यूलची (थेट लिनक्सची आज्ञा चालवणाऱ्या तयार तुकड्यांची) कामं साधारणपणे वगळली जातात. त्यांच्या निकालावर पुढचं काम अवलंबून असेल तर ते एक तर फुटतं, नाही तर चुकीची वाट धरतं. पॅकेज अजून बसलेलंच नसेल तर त्याची सर्व्हिस सुरू करण्याचं काम चेक मोडमध्ये काय करणार? ‘अशी सर्व्हिस सापडली नाही’ म्हणून ओरडणार.

शिवाय चेक मोड सांगतो तो आजच्या सर्व्हरवर काय बदलेल एवढंच. बदलानंतर साइट उघडेल का, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. जत्रेतल्या नाटकाची संहिता घरी वाचणं वेगळं आणि मांडवात पडदा, दिवे, पेटीसकट रंगीत तालीम करणं वेगळं. दुसरं काम व्हीएमचं.

व्हर्च्युअलबॉक्स, व्हेग्रंट, अ‍ॅन्सिबल: यांत कोण काय करतं?

व्हर्च्युअलबॉक्स तुमच्या लॅपटॉपच्या आत दुसरा संगणक उभा करतो. २००७ मध्ये तो इनोटेक या जर्मन कंपनीने आणला, २००८ मध्ये सनने ती कंपनी घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. व्हेग्रंट (मिचेल हाशिमोतो, २०१०) व्हर्च्युअलबॉक्सला हुकूम देतो: अमुक बॉक्स (तयार मशीनचा साचा) घे, इतकी मेमरी दे, हा आयपी लाव. हे सगळं व्हेग्रंटफाइल नावाच्या एका फाइलीत लिहिलेलं असतं. मशीन उभं राहिलं की व्हेग्रंट अ‍ॅन्सिबलला हाक मारतो आणि आतलं काम अ‍ॅन्सिबल करतं.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना व्हर्च्युअलबॉक्सऐवजी केव्हीएम आणि लिबव्हर्ट वापरता येतं. ते वेगवान आहे, फक्त त्यासाठी व्हेग्रंटचं वेगळं प्लगइन लागतं.

लॅपटॉप किती ताकदीचा लागेल?

८ जीबी रॅमवर एक-दोन लहान व्हीएम आरामात चालतात. प्रत्येकाला १ जीबी द्या, डेटाबेस असेल तर २. ब्राउझरचे टॅब बंद करा, ते व्हीएमपेक्षा जास्त खातात. एसएसडी मात्र हवीच, जुन्या फिरत्या डिस्कवर मशीन उभं करणं म्हणजे संयमाची परीक्षा. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन (इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एएमडी-व्ही) चालू आहे ना ते आधी पाहा. सेकंडहँड लॅपटॉपवर ते बंद असल्याचं बऱ्याचदा आढळतं.

माझ्याकडे विंडोज आहे. अडचण येईल का?

येईल, पण वाट आहे.

अ‍ॅन्सिबल विंडोजवरून थेट चालत नाही. ते डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये, चालवावं लागतं. डब्ल्यूएसएल २ ज्या हायपरव्हायझरवर (व्हीएम चालवणाऱ्या थरावर) चालतो तो एकदा चालू झाला की व्हर्च्युअलबॉक्स त्याच्याच डोक्यावर बसून चालतो आणि रडतखडत चालतो. मशीनच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं तर समजा की हेच झालंय. यावर सोपा उपाय म्हणजे व्हेग्रंटचा ‘अ‍ॅन्सिबल लोकल’ हा प्रोव्हिजनर (मशीन उभं राहिल्यावर आतली मांडणी करणारा भाग) वापरायचा. त्यात अ‍ॅन्सिबल व्हीएमच्या आतच बसतं आणि आतूनच चालतं, त्यामुळे त्यासाठी विंडोजवर वेगळं काही बसवावं लागत नाही.

दोन खोडी मात्र राहतात. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये सगळ्या फाइली ‘कुणीही लिहावं’ अशा परवानगीच्या दिसतात, आणि अशा फोल्डरमधली स्वतःची कॉन्फिग फाइल अ‍ॅन्सिबल सुरक्षेसाठी वाचत नाही. मग ‘मी सेटिंग केलंय तरी लागत कसं नाही’ म्हणून लोक डोकं धरून बसतात. ती फाइल कुठे आहे ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून स्पष्ट सांगा. दुसरी खोडी ओळीच्या शेवटाची. विंडोजच्या एडिटरने सीआर-एलएफ ही दोन चिन्हं घातलेली असतात आणि लिनक्सवर ती शेल स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून मरते. गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) आणि एडिटरमध्ये नुसतं एलएफ ठरवून ठेवा.

नव्या मॅकवर?

व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून (सप्टेंबर २०२४) अ‍ॅपलच्या एआरएम चिपवर अधिकृतपणे चालतो, पण आत एआरएमचीच लिनक्स चालते. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना फुकट आहे, तिथेही हाच नियम. तुमचा खरा सर्व्हर एक्स८६चा (इंटेल-एएमडीच्या चिपचा) असेल तर बाहेरच्या रिपॉझिटरीतली पॅकेजं एआरएमसाठी मिळतातच असं नाही. साध्या एनजिनएक्स-पीएचपी-मारियाडीबीच्या कामाला फरक पडत नाही. नेमकं एक्स८६च हवं असेल तर तासाच्या दराने एक छोटा क्लाउड सर्व्हर घ्या, तपासा आणि मोडून टाका.

पहिल्यांदा मांडणी कशी करू?

एक फोल्डर करा आणि तो पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेवा. त्यात व्हेग्रंटफाइल, प्लेबुक (करायच्या कामांची यादी), रोल्सचा (एकेका विषयाच्या कामांच्या गठ्ठ्यांचा) फोल्डर आणि दोन इन्व्हेंटरी (सर्व्हरच्या याद्या) ठेवा, एक लोकल आणि एक खऱ्या सर्व्हरची. प्लेबुक दोघांना एकच. ‘व्हीएमसाठी वेगळं प्लेबुक’ करायचा मोह होतो, तो आवरा. जे तपासलं नाही तेच खऱ्या सर्व्हरवर चालवायचं असेल तर तपासलं कशाला? फरक असतील ते व्हेरिएबलमध्ये: डोमेन, मेमरीची मर्यादा, प्रमाणपत्राचा प्रकार.

व्हीएमला खाजगी नेटवर्कवर १९२.१६८.५६.१० सारखा पत्ता द्या. ५६ च्या बाहेर उगाच जाऊ नका. व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून लिनक्स आणि मॅकवर होस्ट-ओन्ली (लॅपटॉप आणि व्हीएमपुरत्या) नेटवर्कला १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ एवढीच मुभा आहे, बाकीचे पत्ते दिले की मशीन उभंच राहत नाही.

मग ‘व्हेग्रंट अप’. इथे एक लक्षात असू द्या: प्रोव्हिजनिंग फक्त पहिल्या ‘अप’ला आपोआप होतं. नंतर प्लेबुक बदललं की ‘व्हेग्रंट प्रोव्हिजन’ म्हणावं लागतं. ‘मी बदल केला, पण काहीच झालं नाही’ या तक्रारीचं उत्तर निम्म्या वेळा हेच असतं.

बॉक्स कुठला निवडू?

खऱ्या सर्व्हरवर जी आवृत्ती आहे तीच. ‘साधारण तशीच’ नको. उबुंटू २२.०४ वर पीएचपी ८.१ मिळतं, २४.०४ वर ८.३. पीएचपी चालवणाऱ्या एफपीएमचा सॉकेट, कॉन्फिगचा फोल्डर, सर्व्हिसचं नाव, सगळीकडे हा आकडा असतो. व्हीएमवर २४.०४ आणि सर्व्हरवर २२.०४ असेल तर तुम्ही दुसराच सर्व्हर तपासत आहात. उबुंटूसाठी आणि इतर बऱ्याच डिस्ट्रिब्यूशनसाठी बेंटो या नावाचे बॉक्स शेफच्या मंडळींनी ठेवलेले आहेत, ते नेटके आहेत. कुणा अनोळखी माणसाने चढवलेला बॉक्स घेऊ नका.

सेंटओएस ७ अजून चालवणाऱ्यांनो: त्याचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. रॉकी किंवा अल्मा या त्याच्या जागी वापरल्या जाणाऱ्या लिनक्सच्या बॉक्सवर तेच प्लेबुक चालवून बघणं हे स्थलांतराचं पहिलं पाऊल ठरू शकतं. काय काय फुटतं त्याची यादी घरबसल्या मिळते.

डॉकर (पूर्ण मशीनऐवजी कंटेनर नावाच्या डब्यात प्रोग्रॅम चालवणारं साधन) हलकं आहे. व्हीएमचं ओझं कशाला?

फक्त फाइली टाकणारा, पॅकेज बसवणारा रोल असेल तर डॉकर छान. पण साध्या कंटेनरमध्ये सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) नसतो, म्हणून सर्व्हिस सुरू करणारी कामं अडतात. सिस्टमडी असलेली इमेज, खास परवानग्या वगैरे करून ते जमवता येतं, आणि मग तुम्ही सर्व्हर सोडून कंटेनरचीच सेवा करत बसता. कर्नल (लिनक्सचा गाभा) होस्टचा असतो, त्यामुळे कर्नलची सेटिंग, फायरवॉल, डिस्क माउंट करणं, रीबूट हे सगळं तपासणं अवघड. माझं मत: रोल लिहिताना झटपट फेऱ्यांसाठी डॉकर वापरा, शेवटची तपासणी व्हीएमवरच करा.

‘तपासून झालं’ असं कधी म्हणायचं?

प्लेबुक शेवटपर्यंत लाल न होता गेलं म्हणजे झालं, असं बहुतेक जण धरून चालतात. हा सगळा खटाटोप ज्यासाठी आहे ते तिथून पुढे सुरू होतं.

पहिली गोष्ट, कोऱ्या मशीनवरून. ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’, मग ‘व्हेग्रंट अप’. आठवडाभर एकाच व्हीएमवर प्लेबुक सुधारत राहिलात की त्या मशीनवर तुमच्या अर्धवट प्रयोगांचे अवशेष साचतात. मध्येच हाताने बसवलेलं एखादं पॅकेज, आधीच्या आवृत्तीने केलेला फोल्डर, आता प्लेबुकमधून काढलेला पण मशीनवर असलेला युजर. प्लेबुक त्यांच्या आधारावर उभं असतं आणि तुम्हाला पत्ता नसतो. कोऱ्यावर चालवल्याशिवाय तो आधार निघत नाही. व्हीएमचा खरा उपयोग ती मोडता येते यात आहे, खऱ्या सर्व्हरवर ही चैन नसते.

दुसरी गोष्ट, लगेच पुन्हा एकदा चालवा. दुसऱ्या फेरीत ‘चेंज्ड’चा (किती कामांनी बदल केला त्याचा) आकडा शून्य यायला हवा. नाही आला तर प्लेबुक प्रत्येक वेळी काहीतरी उगाच बदलतंय, आणि एक दिवस त्या उगाच बदलापायी भर दुपारी डेटाबेस रीस्टार्ट होईल.

तिसरी गोष्ट लोक विसरतातच: ‘व्हेग्रंट रीलोड’. मशीन बंद होऊन चालू होऊ द्या आणि काहीही न करता साइट उघडते का बघा. सर्व्हिस ‘स्टार्टेड’ लिहिली, ‘एनेबल्ड’ लिहायची राहिली, तर पहिल्या दोन्ही फेऱ्या हिरव्या येतात आणि रीबूटनंतर सर्व्हर मुका. माउंट केलेली डिस्क आणि फायरवॉलचे नियम यांचंही तसंच.

चौथी गोष्ट तपासणीची. प्लेबुकच्या शेवटी यूआरआय मॉड्यूलने मुख्य पान मागवा, २०० (‘सगळं ठीक’) हा कोड आलाच पाहिजे अशी अट घाला, आणि पानात एखादा ओळखीचा शब्द आहे का तेही पाहा. एनजिनएक्सचं स्वतःचं स्वागताचं पानदेखील २०० च देतं! याहून पद्धतशीर हवं असेल तर टेस्टइन्फ्रा किंवा गॉस ही तपासणीची साधनं आहेत.

दुसऱ्या फेरीतही ‘चेंज्ड’ येतंय. कुठे शोधू?

आधी शेल आणि कमांडची कामं बघा. ती प्रत्येक वेळी ‘बदल केला’ असंच सांगतात, कारण आत काय घडलं हे अ‍ॅन्सिबलला कळत नाही. एखादी फाइल तयार होत असेल तर ‘क्रिएट्स’ द्या, नुसती माहिती काढत असाल तर ‘चेंज्ड व्हेन’ला फॉल्स. बहुतेक ठिकाणी शेलऐवजी तयार मॉड्यूल सापडतं, ते वापरणं सगळ्यात बरं.

मग टेम्पलेट (व्हेरिएबल भरून फाइल तयार करणारे साचे) बघा. वर ‘ही फाइल अमुक वेळी तयार झाली’ अशी आजची तारीख छापणारी ओळ घातली असेल तर फाइल दर वेळी बदलणारच. तिसरा गुन्हेगार म्हणजे एकाच फाइलीवर हक्क सांगणारी दोन कामं. एक ओळ घालतं, दुसरं पूर्ण टेम्पलेट टाकून ती पुसतं. डिफ पर्यायाने हे भांडण डोळ्यांना दिसतं.

प्लेबुक मध्येच फुटलं, मी दुरुस्त करून पुन्हा चालवलं, सगळं हिरवं. तरी सर्व्हिस जुन्याच सेटिंगने चालतेय. कसं काय?

हँडलर, म्हणजे बदल झाला तरच चालणारं काम. कॉन्फिग फाइल बदलली की ‘एनजिनएक्स रीस्टार्ट’ या हँडलरला निरोप जातो, पण हँडलर चालतात ते प्लेच्या (प्लेबुकमधल्या एका भागाच्या) शेवटी. मध्ये दुसरंच काम फुटलं तर त्या मशीनवर शेवट येतच नाही आणि निरोप हवेत विरतो. दुसऱ्या फेरीत फाइल आधीच बदललेली असते, म्हणून ‘ओके’ येतं, निरोप जात नाही, रीस्टार्ट होत नाही. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार.

‘फोर्स हँडलर्स’ चालू ठेवलं तर काम फुटलं तरी निरोप गेलेले हँडलर चालतात. किंवा महत्त्वाच्या टप्प्यानंतर मेटा कामातून ‘फ्लश हँडलर्स’ करा. कोऱ्या मशीनवर हा दोष दिसतच नाही, कारण तिथे सगळं एका दमात जातं. तो पकडायचा तर मुद्दाम मध्येच फुटणारं एक काम घाला, ते काढा, पुन्हा चालवा आणि सर्व्हिस नवं सेटिंग वाचतेय का पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

दोन व्हीएम आहेत, एक वेब आणि एक डेटाबेस. कॉन्फिगमध्ये दोघींचाही पत्ता १०.०.२.१५ कसा?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येक मशीनला पहिलं नेटवर्क कार्ड नॅटचं (होस्टमधून इंटरनेटवर जाणारं) मिळतं आणि त्यावर आतून पत्ता १०.०.२.१५ हाच दिसतो, प्रत्येकीला तोच. टेम्पलेटमध्ये अ‍ॅन्सिबलचा ‘डिफॉल्ट आयपीव्ही४’ हा फॅक्ट (मशीनकडून आपोआप गोळा केलेली माहिती) वापरलात की हाच पत्ता लिहिला जातो आणि वेब सर्व्हर डेटाबेस शोधायला स्वतःच्याच दारात जातो. पत्ता इन्व्हेंटरीत व्हेरिएबल म्हणून लिहा आणि टेम्पलेटमध्ये तो घ्या. खऱ्या सर्व्हरवरही हेच बरं, तिथे सार्वजनिक आणि खाजगी अशी दोन कार्डं असतात आणि डेटाबेसने सार्वजनिक पत्त्यावर ऐकत बसणं कुणालाच नको असतं.

व्हीएमवर उत्तम, खऱ्या सर्व्हरवर फुटलं. मग तपासणीचा उपयोग काय?

उपयोग असा की आता संशयित मोजकेच उरले. बॉक्समध्ये ‘व्हेग्रंट’ नावाचा युजर असतो आणि त्याला पासवर्डशिवाय सुडो (सर्वाधिकार) मिळतं, क्लाउडवर युजर ‘उबुंटू’ किंवा ‘रूट’. प्लेबुकमध्ये कुठे घरचा फोल्डर थेट लिहिला असेल तर तिथेच फुटेल. डिस्कचं नाव वेगळं असतं, नेटवर्क कार्डाचंही. नवा क्लाउड सर्व्हर चालू झाल्या झाल्या स्वतःच अपडेट घेत असतो, तेव्हा एपीटीचं (उबुंटूवर पॅकेज बसवणाऱ्या साधनाचं) कुलूप त्याच्याकडे असतं आणि तुमचं पॅकेजचं काम ‘लॉक मिळत नाही’ म्हणून मरतं. एपीटी मॉड्यूलमध्ये ‘लॉक टाइमआउट’ वाढवून ठेवा. क्लाउडच्या पॅनेलवरचं फायरवॉल तर प्लेबुकला दिसतच नाही.

वेळेचं एक वेगळं सांगतो. बहुतेक बॉक्स आणि क्लाउड सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असतात. ‘रात्री २ वाजता बॅकअप’ असं क्रॉनमध्ये लिहिलंत तर तो आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होईल, म्हणजे देवळात अभिषेकाच्या पावत्या फाडायला सुरुवात होते त्याच सुमारास. टाइमझोन प्लेबुकमधूनच एशिया/कोलकाता करा, आणि त्यानंतर क्रॉन रीस्टार्ट होतो ना ते बघा, नाही तर तो जुन्याच वेळेवर चालत राहतो.

एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र व्हीएमवर कसं मिळवू?

मिळवू नका, स्वतःच सही केलेलं वापरा. लेट्स एन्क्रिप्टची (फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची) नेहमीची पडताळणी बाहेरून पोर्ट ८० वर येऊन होते आणि तुमच्या घरातलं व्हीएम तिला दिसत नाही. डीएनएसच्या मार्गाने जमतं, पण तिथे मोडा-उभारा करत राहिलात तर नेमक्या त्याच नावांसाठी आठवड्याला ५ प्रमाणपत्रांची मर्यादा आडवी येते, आणि खरी साइट अडकते. प्रयोग करायचेच तर त्यांच्या स्टेजिंग (चाचणीच्या) सर्व्हरवर करा.

खरा डेटा व्हीएममध्ये घेतला तर तपासणी जास्त खरी होईल ना?

नको. हॉटेलवाल्यांना परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत सरकारला द्यावी लागते, म्हणजे त्या डेटाबेसमध्ये पासपोर्ट नंबर, व्हिसा, घरचे पत्ते असतात. तो डंप (डेटाबेसची प्रत) लॅपटॉपवर, लॅपटॉप बॅगेत, बॅग कदंबा बसच्या रॅकवर. बनावट डेटा तयार करा. पासवर्ड अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये (कुलूपबंद फाइलीत) ठेवा, आणि लोकल इन्व्हेंटरीला वेगळे, फालतू पासवर्ड द्या.

बनावट डेटात काय असावं?

आपल्या इथली नावं. देवनागरीत मराठी आणि कोंकणी नावं, रोमनमध्ये डोक्यावर टिल्ड (~) असलेलं एखादं पोर्तुगीज नाव, आणि पाहुण्याने अभिप्रायात टाकलेला एक इमोजी. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी फुटतात म्हणून तिन्ही हवीत. टेबल लॅटिन१ या जुन्या अक्षरसंचाचं असेल तर टिल्डवालं नाव नीट जातं आणि देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ एका अक्षराला ३ बाइट देतं. देवनागरी अक्षर ३ बाइटचंच असल्यामुळे बरोबर मावतं आणि तुम्ही निश्चिंत होता. इमोजीला ४ लागतात, तिथे चूक बाहेर पडते. प्लेबुकमध्ये डेटाबेसला ‘यूटीएफ८एमबी४’ स्पष्ट लिहा, सर्व्हरची लोकेलही यूटीएफ-८ ठेवा.

पावसाळ्यात आमच्याकडे, वाळपईच्या बाजूला, नेट धड नसतं. प्रत्येक वेळी एवढी पॅकेजं कशी उतरवू?

बॉक्स एकदाच उतरतो आणि लॅपटॉपवर राहतो, ‘डिस्ट्रॉय’ केल्याने तो जात नाही. पॅकेजांसाठी लॅपटॉपवर किंवा एका वेगळ्या छोट्या व्हीएममध्ये एपीटी-कॅशर-एनजी बसवा. तो ३१४२ या पोर्टवर बसतो आणि एकदा आलेलं पॅकेज साठवून ठेवतो. प्लेबुकमध्ये प्रॉक्सीचं व्हेरिएबल करा, लोकलसाठी भरलेलं आणि खऱ्या सर्व्हरसाठी रिकामं. एचटीटीपीएसवरच्या रिपॉझिटरी तो सहजासहजी साठवत नाही, उबुंटूच्या मुख्य पॅकेजांना मात्र पुरतो. मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

आणखी एक: नेट चांगलं असेल त्या दिवशी मशीन उभं करून ‘व्हेग्रंट स्नॅपशॉट सेव्ह’ करून ठेवा. मग नेट नसतानाही त्या टप्प्यावर परत येता येतं. स्नॅपशॉटवर चाललं म्हणून कोऱ्यावरची फेरी टाळू नका, इतकंच.

तारांवर माड पडला, लाईट गेली, डेस्कटॉप बंद झाला. आता व्हीएम चालूच होत नाही.

दुरुस्त करत बसू नका. ‘डिस्ट्रॉय’ करा आणि परत ‘अप’. ज्या व्हीएममधून वाचवावं असं काही आहे, ती चुकीची वापरली जातेय. परत उभी केल्यावर एसएसएच ‘होस्टची किल्ली बदलली’ म्हणून आरडाओरडा करेल, कारण मशीन खरोखर नवं आहे. नोन होस्ट्स फाइलमधली त्या पत्त्याची जुनी ओळ काढा. खऱ्या सर्व्हरबद्दल हीच सूचना आली तर मात्र थांबा आणि कारण शोधा.

फायरवॉलचे नियम तपासताना स्वतःलाच बाहेर काढलं तर?

ते व्हीएमवरच होऊ द्या. व्हेग्रंटफाइलमध्ये व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी दाखवण्याचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे एसएसएच बंद झालं तरी कन्सोलवरून ‘व्हेग्रंट’ या नावाने आणि त्याच पासवर्डने आत जाता येतं. कामांचा क्रम महत्त्वाचा: आधी एसएसएचला परवानगी, मग यूएफडब्ल्यू (उबुंटूचं फायरवॉल) चालू. उलटं केलंत तरी चालू जोडणी कधी कधी टिकते आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून नवी जोडणी उघडून बघायची.

मॉलिक्यूल (रोल तपासणारं साधन) वापरावं का?

रोल पाच-सहाच्या वर गेले, किंवा दुसरा माणूसही त्यांत हात घालू लागला की वापरा. उभं करणं, चालवणं, पुन्हा चालवून काही बदलत नाही ना ते पाहणं, पडताळणी आणि मोडणं, हा सगळा क्रम एका आज्ञेत होतो. शेफवाल्यांसाठी हेच काम टेस्ट किचन करतं. एक सर्व्हर आणि एक प्लेबुक असेल तर साधी शेल स्क्रिप्ट पुरे.

व्हेग्रंटचा परवाना बदलला म्हणतात. वापरायला हरकत?

ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेग्रंटच्या मागच्या हाशिकॉर्प कंपनीने परवाना बदलून बिझनेस सोर्स लायसन्स केला. त्यांच्याशी स्पर्धा करणारं उत्पादन विकणाऱ्यांना तो अडवतो. स्वतःचे किंवा गिऱ्हाइकाचे सर्व्हर तपासायला व्हेग्रंट वापरण्यात अडचण नाही.

तपासून झालं. खऱ्या सर्व्हरवर कधी लावू?

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी नाही. सगळे गावच्या घरी, फोन गणपतीवरच्या माटोळीखाली ठेवलेला, आणि डेटा सेंटरच्या मदतकक्षाला आपल्या सणाचं काय. हॉटेलवाल्यांसाठी डिसेंबरचा दुसरा पंधरवडा पूर्ण वर्ज्य. सर्वांत बरा म्हणजे मंगळवार-बुधवारची सकाळ: पुढे कामाचे दिवस असतात आणि गिऱ्हाइकही जागेवर असतं. आधी बॅकअप, मग चेक मोड आणि डिफ, मग ‘लिमिट’ लावून एकाच सर्व्हरवर, तो नीट चालला की बाकीच्यांवर.

माझ्याकडे जुना, हाताने उभा केलेला सर्व्हर आहे. सुरुवात कुठून करू?

पूर्ण सर्व्हर एकदम प्लेबुकमध्ये बसवायला जाऊ नका. त्याच आवृत्तीचं कोरं व्हीएम उभं करा आणि दोन्हीकडच्या पॅकेजांच्या याद्या काढून तुलना करा. हाताने बसवलेली पॅकेजं ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ दाखवतं. इटीसी (सेटिंगच्या फाइलींच्या) फोल्डरची एक प्रत घ्या आणि व्हीएममधल्या इटीसीशी डिफ करा. फरकांची यादी लांबलचक येईल, पण त्यातल्या बऱ्याच ओळी बिनमहत्त्वाच्या असतात. पहिला रोल एनजिनएक्सचा करा, कारण तो चुकला की लगेच दिसतो. डेटाबेसचा शेवटी. क्रॉनच्या ओळी मात्र पहिल्याच दिवशी उतरवून घ्या, रूटच्याही आणि इतर युजरच्याही.